मी पेडणे तालुका बुडवला तेव्हा

एका रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळेला, मी अख्खा पेडणे तालुका समुद्रात बुडवला. तेरेखोलचा किल्ला, मांद्र्याचा किनारा, धारगळचा हायवे, आमचं घर, शेजारणीचं घर, तिच्या पोफळी, सगळं. त्यात यजमानही बुडवले. ते चष्मा लावून, हातात चहाची बशी घेऊन माझ्या बाजूलाच बसले होते, त्यामुळे बुडताना त्यांना सगळं नीट दिसलं. परशुरामाने बाण मारून मागे हटवलेला समुद्र मी घरच्या टीव्हीवर परत आणला; आणि कशासाठी, तर नवऱ्याची विमानाची भीती घालवायला.

ही गोष्ट तीन वर्षांमागची. तेव्हा मी फक्त अडुसष्टची होते. कोवळं वय. उत्साह पुष्कळ, अक्कल बेताची, आणि नवऱ्याच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं ही खात्री पक्की.

झालं असं की मस्कतला असलेल्या आमच्या मुलीचे दिवस भरत आले होते. लग्नानंतर नऊ वर्षांनी. तिने फोन करून सांगितलं, "दोघंही या. तिकिटं मी काढते. विमानतळ तर तुमच्या डोक्यावरच आहे." खरंच होतं ते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या माडांवरून इतकी खालून जायची की कोकमांसाठी वाळत घातलेल्या भिरंडांवर त्यांची सावली पडायची.

यजमान म्हणाले, "मी येवचंय नाय."

चाळीस वर्षं त्यांनी डिचोलीच्या बाजूला खाणीवर डंपर दुरुस्त करण्यात घालवली. त्यांचं म्हणणं असं, की ज्या यंत्राचं इंजिन आपण स्वतः उघडून पाहिलेलं नाही त्यात शहाण्या माणसाने बसू नये. "ड्रायव्हर कोण ता दिसणा नाय, बिरेक खंय ता दिसणा नाय. बसचा कसा?"

मुलगी म्हणाली, "मग आई, तू एकटी ये."

मी म्हटलं, "ह्यांना टाकून? ह्यांना भातात पाणी किती घालायचं ते अजून ठाऊक नाही."

त्यावर ती म्हणाली, "मग महिनाअखेरपर्यंत काय ते कळव. तुमचं जमत नसेल तर मी माझ्या सासूबाईंना बोलावते."

विहीणबाई! बाई चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या नातवंडाला पहिलं न्हाणं विहीणबाईंनी घालायचं आणि मी इथे धारगळला बसून फोनवर बघायचं? त्या बाई माझ्या मुलीच्या केळवणात पायसात गूळ कमी पडला म्हणून सगळ्यांच्या देखत वाटी बाजूला सारणाऱ्या. त्या न्हाणं घालणार, तेल लावणार आणि वर फोटो पाठवणार. मी ठरवलं, महिनाअखेरच्या आत ह्या माणसाची भीती घालवायची.

उपाय मुलीनेच दिला. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा एक प्रोग्राम असतो, फुकट मिळतो, शिकाऊ लोक त्यावर शिकतात. आतली घड्याळं, दांडे, ब्रेक, सगळं दिसतं. तिचा जुना लॅपटॉप कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. "तो टीव्हीला जोड," ती म्हणाली, "म्हणजे बाबांना मोठं दिसेल." मला वाटलं, नवरा मेकॅनिक, त्याला ब्रेक दाखवला की झालं.

पण तो प्रोग्राम घरात आणायचा म्हणजे इंटरनेट हवं, आणि ते शेजारणीकडे. तिने जनेलातून पासवर्ड ओरडून सांगितला, तो निम्म्या वाड्याला पाठ झाला. सिग्नल मात्र आमच्या घरात यायचा नाही. मी लॅपटॉप हातावर घेऊन सगळ्या खोल्या फिरले, आणि तो मिळाला अंगणात तुळशीपाशी. मग काय, लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, चार्जरची वायर जनेलातून ओढली, वर छत्री बांधली. दीड दिवस तो तिथे बसून होता. शेजारीण पोह्यांची बशी घेऊन आली, तुळशीसमोर छत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं बघून चपला काढून उभी राहिली. "वयनी, कसला व्रत गो?"

"विमानाचं," मी म्हटलं.

तिने नमस्कार केला. उगाच कशाला चुकवा, असा तिचा स्वभाव.

टीव्हीला जोडणं हे त्याहून कठीण निघालं. वायर बसली, टीव्हीवर 'सिग्नल नाही'. वायर काढली, फुंकली, उलटी घालून बघितली, पुन्हा 'सिग्नल नाही'. यजमान पेपर वाचत होते. वाचत म्हणजे, पाऊण तास एकच पान. शेवटी पेपराआडून आवाज आला, "रिमोटार एक बटण आसा. टीव्हीक सांगूक होया, खंयच्या भोकातसून बघूचा ता."

"तुम्हाला ठाऊक होतं तर आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस खंय? तू फुंकी होतंस."

बटण दाबलं तर टीव्हीवर लॅपटॉपचं पान उमटलं. मला झालेला आनंद सांगता येत नाही. बाळंतपणानंतर इतका आनंद मला पुन्हा झाला नव्हता, आणि तेव्हाही माझी दमणूक कमी होती.

आता चालवायचं. यजमान म्हणाले, "रव. असां कसां सुरू करतंस?" आणि नारळ घेऊन आले. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो की नवी मोटर, गाऱ्हाणं घातल्याशिवाय किल्ली फिरत नाही. ते टीव्हीसमोर उभे राहिले, नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी.

"आज ह्या घरात नवां कायतरी चललां. काय ता तुका ठावक, माका ठावक नाय."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बायलेक आपणाक सगळां कळता असां वाटता."

"व्हय म्हाराजा," मी म्हणून गेले. सवयीने तोंडातून जातं. डोळे उघडून बघते तर ते अगदी गंभीर. नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा टीव्हीसमोर ठेवला, आणि चहाची बशी घेऊन माझ्या बाजूला कदेलीवर बसले.

मी यादीतून मोपा निवडलं. एका पंख्याची छोटी विमानं होती, त्यातलं एक घेतलं. पडद्यावर विमानाचं नाक आलं, घड्याळं आली. आणि चारी बाजूंनी पाणी. निळंशार, आडवं, क्षितिजापर्यंत. विमान त्यावर चाकं लावून बसलेलं.

"पाऊस बरो पडलो म्हणायचो," यजमान म्हणाले.

पण माघार घेणं माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. मी म्हटलं, "धावपट्टी पुढे असेल," आणि मुलीने लिहून दिलेलं बटण दाबून धरलं. विमान पाण्यावरून स्कूटरसारखं सुटलं. उठलं. मी टाळी वाजवायला बटण सोडलं, तसं ते डावीकडे कललं, आणखी कललं, मी उजवीकडचं म्हणून जे दाबलं ते दिव्यांचं निघालं. दिवे लागले. उजेडात आम्ही समुद्रात गेलो.

मग यजमानांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "घर खंय गेलां गो आमचां?"

आणि उठताना म्हणाले, "झालां मगे. आता माका कोणी इचारू नका."

मी मुलीला फोन केला तेव्हा महिना संपायला अकरा दिवस होते. ती इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटली. "आई! विमान उतरवून घेतलंस, जमीन कुठे घेतलीस? जमीन वेगळी घ्यायची असते. चौकोन चौकोन असतात, आपला गोव्याचा चौकोन घ्यायचा. नसला तर तो सगळीकडे समुद्र दाखवतो."

"मला वाटलं विमानाबरोबर जमीन येतेच. आंब्याबरोबर बाठा येतो तशी."

लॅपटॉप पुन्हा तुळशीपाशी गेला. शेजारणीने ह्या खेपेला कुंकू आणलं.

दुसऱ्या दिवशी जमीन आली. मी एकटीनेच सुरू करून बघितलं. यजमानांना विचारायची सोय नव्हती. धावपट्टी होती, तेरेखोलची नदी होती, हायवेची रेघ होती. मी आनंदाने ओरडले असेन, कारण ते दारात येऊन उभे राहिले. आमच्या वाडीवर बोट ठेवून मी म्हटलं, "हे आपलं घर."

ते पुढे आले. चष्मा पुसला. पडद्यावर आमच्या घराच्या जागी एक राखाडी खोका होता आणि भोवती सगळी एकसारखी, टोकदार, सुरूच्या झाडांसारखी झाडं.

"ह्या?" ते म्हणाले. "घरार पत्रे घातल्यानी? कौलां खंय? आणि माड खंय गेले?"

"प्रोग्रामला काय ठाऊक आपले माड."

"मग कित्याक दाखयता? ठावक नाय तर दाखव नये." आणि कदेल ओढून बसले. चूक दिसली की मेकॅनिक माणूस उठत नाही.

त्यानंतर मला कामच उरलं नाही. टीव्हीच्या कडेला चित्र कापलं जाऊन उंचीचं घड्याळ अर्धंच दिसत होतं. ते त्यांनी टीव्हीच्या आतल्या कुठल्याशा यादीतून नीट केलं. लॅपटॉप तापून विमान झटके देत होतं. त्यांनी चार वाट्या पालथ्या घालून त्यावर तो ठेवला, टेबल फॅन लावला, आणि झाडं, ढग वगैरे शोभेचं सामान कमी करून टाकलं. विमान डावीकडे का कलतं हे मला भाकरीच्या पिठाचा गोळा फिरवून समजावलं. मुलीला फोन करून विमानाच्या पंखांवरच्या फ्लॅपबद्दल अशा शंका विचारल्या की जावयांना कोणालातरी विचारून सांगतो म्हणावं लागलं. आठव्या दिवशी त्यांनी मोपाहून उठून मांद्र्यावरून वळसा घातला, तेरेखोलचा किल्ला उजवीकडे ठेवला आणि विमान परत धावपट्टीवर असं टेकवलं की मला कळलंसुद्धा नाही.

मला कळलं नाही, कारण मी स्वयंपाकघरात होते. विमान उतरायला लागलं की मला नेमकं दूध आठवायचं. दूध नाही तर कुकर. एकदा काहीच नव्हतं, तर मी जाऊन उगीचच मोहरी तडतडवून आले. शेजारीण जनेलातून बघत म्हणायची, "वयनी, उतरलां, ये भायर," मग मी यायचे, हात पुसत, आणि म्हणायचे, "वा! घाबरला नाहीत ना?"

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज भेटले तर मी कान धरून त्या कदेलीवर बसवीन.

कारण झालं काय, यजमान हो म्हणण्याच्या बेतात आले आणि मला एकेक कारणं सुचायला लागली. भिरंडं अजून वाळायची होती. गाभण गाय शेजारणीच्या भरवशावर कशी टाकायची? तिकडे उकाडा भयंकर. पासपोर्टावरच्या फोटोत मी माझ्यासारखी दिसत नाही, अडवलं तर? ही सगळी कारणं मी यजमानांच्या तब्येतीची काळजी म्हणून मांडत होते, आणि मला खरंच वाटत होतं की ती त्यांचीच काळजी आहे. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतं, आणि तेही साळसूद, प्रामाणिक चेहऱ्याने!

महिन्याचा शेवटचा दिवस. मी अंगणात भिरंडं पालथी करत होते, यजमान पायरीवर बसून नारळ सोलत होते. मुलीचा फोन आला. "आई, आज सांग. नाही तर सासूबाईंचं तिकीट काढते. त्या बॅग भरूनच बसल्यात."

विहीणबाईंची भरलेली बॅग माझ्या डोळ्यांसमोर आली. तरी माझ्या तोंडून निघालं ते असं: "अगं, बाबांचं काही खरं नाही. विमानाचं नाव काढलं की गप्प होतात. गुडघाही सुजलाय. मी त्यांना जबरदस्ती कशी करू?"

यजमानांनी नारळ खाली ठेवला. सुजलेल्या गुडघ्याने ताडकन उठले. माझ्या हातातून फोन घेतला आणि दोघांचे पासपोर्ट नंबर, कागद न बघता, आकडा आकडा करून मुलीला सांगितले. "दोगांचां काढ," म्हणाले. "आणि आवयक जनेलाकडची सीट नको, मदली दी."

फोन ठेवला. एक विमान माडांवरून गेलं. मी वर बघितलं नाही. मी भिरंडांत हात घालून तशीच बसले होते, बोटं लाल झालेली. ते पुन्हा पायरीवर बसले, नारळ हातात घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

"केरीच्या फेरीबोटीत तू डोळे मिटून बसतंस, ता मी पन्नास वर्सां बघतंय. भय तुका, म्हणान पयल्या दिसाक मीच नको म्हटलां, तुझ्या नावार भित्रेपण येवचां नाय म्हणान. पण आता मी विमान उतरवूक शिकलंय, आता माका भित्रो म्हटलेलां सोसणा नाय. ऊठ, हात धू आणि बॅग भर."