मूठभर पीठ, सातपुड्याच्या पायथ्याचं

गाडी सुटता सुटता आमच्या ह्यांनी खिडकीतून शेवटची सूचना केली. "लोकांच्या घरी गेल्या गेल्या आवराआवर करू नकोस. तुझे हात तुझ्या डोक्याच्या आधी पोहोचतात." मी मान फिरवून बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला धड निरोप कधी दिलाच नाही.

निघाले होते जळगावला आणि तिथून पुढे चोपड्याच्या बाजूला, सुमनच्या गावी. ही सुमन नर्सिंग शिकायला अहिल्यानगरला आली तेव्हा आमच्याच घरी राहिली होती. आता तिला चोपड्यात नोकरी आहे. "मावशी, आमच्या मंडळीचं प्रभुभोजन एकदा बघायला या," असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची. (मंडळी म्हणजे चर्चची माणसं, आम्ही ख्रिस्ती असंच म्हणतो.) शेवटी थंडीच्या दिवसांत योग आला. चाळीसगाव मागे पडलं तशी डब्यात कापसाच्या भावाची चर्चा सुरू झाली आणि जळगावला उतरेपर्यंत मलाही त्यातलं थोडंफार कळायला लागलं.

जळगावहून चोपड्याच्या एसटीत बसले. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. सुमनने मला चोपड्यात उतरवून घेतलं आणि जीपमध्ये बसवून दिलं. तिला शनिवार-रविवार ड्यूटी लागली होती, त्यामुळे ती बिचारी सारखी माफी मागत होती. पुढे केळी संपल्या, विहिरी संपल्या. कोरडवाहू रानं आणि मोहाची झाडं सुरू झाली आणि सातपुडा अगदी जवळ आला. त्याच्या पायथ्याशी गाव. सुमनचे वडील जीपपाशी उभे होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. माणूस उंच, शांत, बोलणं मोजकं. सुमनची आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात नाना एकटेच.

पहिल्या रात्रीचं जेवण मी विसरणार नाही. नानांनी पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजली आणि ठेचून त्यांचं भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि कांद्याची पात. मी भांडी घासायला उठले तर नाना म्हणाले, "बसा ताई, पाहुन्या शेतस तुम्ही." (पाहुण्या आहात तुम्ही.) मी बसले. ह्यांनी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

जेवताना नानांनी त्यांच्या मंडळीचा रिवाज सांगितला. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाव मोडून सगळ्यांनी वाटून खायचा. त्यासाठी पाव विकत आणत नाहीत. आदल्या दिवशी मंडळीतली अक्का पाटी घेऊन घरोघर जाते, प्रत्येक घर एक मूठ पीठ घालतं आणि त्या सगळ्या पिठाची एकच मोठी भाकरी होते. तीच पाळक (आमचे धर्मगुरू) मोडतात. मला इतकं आवडलं हे! नाना मात्र एवढं सांगून उठले आणि गोठ्याकडे गेले. रिवाजाचा उरलेला अर्धा भाग त्यांनी सांगितलाच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवारी दुपारी नाना म्हणाले, शेतात जाऊन येतो. मी ओसरीवर उन्हात बसून होते. थोड्या वेळाने दारात एक म्हातारी आली. काटक अंगाची, डोक्यावर पदर, कमरेवर पाटी.

"आज कुलूप नही शे?" तिने विचारलं. (आज कुलूप नाही?)

मी ओळखलं, हीच अक्का. नाना नाहीत म्हणून पाहुणीने हात आखडता घ्यावा, हे मला कसं पटणार? आत गेले, पिठाचा डबा शोधला आणि चांगली शिगोशीग मूठ भरून पाटीत घातली. अक्काने पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पाटीतलं पीठ तिने बोटांनी हळूच एकत्र केलं. "लई दिनथून या घरनं पीठ मिळनं," एवढंच म्हणाली आणि गेली. (फार दिवसांनी या घरचं पीठ मिळालं.) मला वाटलं, एकटा माणूस, कामाच्या गडबडीत राहून जात असेल.

नाना आले. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, काळजी करू नका, मी पीठ दिलंय. त्यांनी हातातला विळा ओसरीवर ठेवला. ते खांबाला टेकून खाली बसले.

"ताई," ते म्हणाले, "मन साफ नसलं तर पीठ द्यायचं नाही. तोच रिवाज शे."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या चैत्रात मोह गळायच्या आधी त्यांनी झाडाखालचा पाला जाळला. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून सगळेच तसं करतात. जाळ विझला असं समजून ते घरी आले. मागून वारा सुटला आणि शेजारच्या खळ्यातला अक्काचा कडबा पेटला, गोठ्याचं छप्पर गेलं. बैल वाचले. आग विझवायला पहिली घागर घेऊन नानाच धावले होते. पण अक्काचा मुलगा संजय तिथे बिडी ओढत बसायचा, सगळ्यांना माहीत होतं. अक्काने भर गावात त्याला नको नको ते बोलून घेतलं. पोरगा परोपरीने नाही म्हणत होता. त्याच आठवड्यात तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात निघून गेला, तो परत आला नाही. आईशी बोलतही नाही.

"गर्दीत बोलायचं राहून गेलं," नाना म्हणाले, "आन मग राहीच गयं." (आणि मग राहूनच गेलं.)

त्या महिन्यात त्यांनी पीठ दिलं आणि भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. तेव्हापासून अक्काची फेरी आली की घराला कुलूप लावून शेतात. ज्या घराचं पीठ येत नाही त्याला कारण कोणी विचारत नाही, हाही रिवाजच. रोज रात्री ते देवापाशी सगळं कबूल करत होते, क्षमा मागत होते. देवाने क्षमा केली असेल अशी मनाची समजूत घालत होते. आणि आज माझ्यासाठी घर उघडं राहिलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी जाऊन परत आणते," म्हणाले. बोलल्यावर कळलं, काय आणणार होते मी? घराघरांतलं पीठ एकत्र झालेलं. गप्प राहिलं तर उद्या सगळी मंडळी ती भाकरी खाणार आणि नानांचं मन कसं आहे ते नानांनाच ठाऊक. नानांनाही ते माझ्या आधी कळलं होतं. ते उठले आणि तसेच अनवाणी चालू लागले. मी मागून निघाले.

अक्का चुलीपाशी पीठ चाळत होती. नाना उंबऱ्याबाहेरच थांबले.

"अक्का, तुना कडबा मन्हामुये जयना. संजयनी बीडी नही व्हती ती. पाला मी जाळेल व्हता." (तुझा कडबा माझ्यामुळे जळला. ती संजयची बिडी नव्हती. पाला मी जाळला होता.)

चाळण थांबली.

"मी देवले सांगं," नाना म्हणाले, "तुले नही सांगं." (मी देवाला सांगितलं, तुला नाही सांगितलं.) आणि तो उंच माणूस उंबऱ्यापाशी खाली बसून रडायला लागला.

मला वाटलं, अक्का आता पाटी भिरकावणार. तिने हात झटकले, पदराने पुसले. म्हणाली, "पहिले त्याले फोन लाव. मंग मन्हासंगे बोल." (आधी त्याला फोन लाव. मग माझ्याशी बोल.)

फोन लागला. नानांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी न करता. पलीकडून मशिनची घरघर ऐकू येत होती. मग पोराचा आवाज आला, "माय कोठे शे?"

अक्काने फोन दोन्ही हातांनी धरला. "थंडी पडनी," ती म्हणाली, "तठे गोधडी शे का तुले?" (थंडी पडलीय. तिथे तुला गोधडी आहे का?) आणि मग, "मी तुले बोलनू, ते मन्हं चुकनं, बापा." (मी तुला बोलले, ते माझं चुकलं.) मी तोंड फिरवून अंगणात जाऊन उभी राहिले. काही गोष्टी ऐकायला पाहुणीचा अधिकार नसतो.

परत आले तेव्हा नानांनी हात जोडले होते आणि अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. "राग शे अजून," ती म्हणाली. "पन पीठ मी फेकाव नही." (राग आहे अजून. पण पीठ मी फेकणार नाही.) तिने चाळण पुन्हा हातात घेतली.

रविवारी पाळक मोटरसायकलवर आले. पत्र्याच्या छोट्या प्रार्थनामंदिरात सतरंजीवर सगळे बसलेले. नाना उभे राहिले, मंडळीसमोर आणि देवासमोर आपलं पाप नाव घेऊन सांगितलं, क्षमा मागितली. पाळकांनी लांबण लावली नाही. जो कबूल करतो त्याला प्रभू टाकत नाही, असं म्हणाले आणि प्रार्थना केली. मग भाकरी मोडली. तव्यावर तिची एक बाजू जरा करपली होती. नानांनी तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि मी त्यांच्या घशाकडे बघत राहिले. तुकडा उतरला. देवाचे इतके मनापासून आभार मी फार वर्षांनी मानले.

सोमवारी मला धुळ्याहून अहिल्यानगरची एसटी धरायची होती. नानाही धुळ्यापर्यंत आले, कारण सुरतेच्या गाडीने संजय तिथे उतरणार होता. "अक्का नाही आली?" मी विचारलं. "ती म्हने, तूच घेई ये," नाना म्हणाले. (तूच घेऊन ये.) धुळ्याच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. मी पुन्हा एकदा माझ्या आगाऊ हातांबद्दल माफी मागितली. नाना पहिल्यांदाच हसले. "ताई, मन्हा हात उठतच नव्हता. देवनी तुमना उसना लिधा." (माझा हात उठतच नव्हता. देवाने तुमचा उसना घेतला.) माझी गाडी आधी लागली. फाटकातून बाहेर पडताना मागे पाहिलं, तर एक धुळीने माखलेली गाडी आत वळत होती आणि नाना बाकावरून उठून उभे राहिले होते.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे केलीसच ना आवराआवर." केली खरी.

आमच्या मंडळीत पापकबुलीची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात. मला ती तोंडपाठ आहे आणि इतकी वर्षं मी ती सगळ्यांच्या आधी संपवत आले. आता मात्र मागे पडते. म्हणता म्हणता एखादं तोंड डोळ्यांसमोर येतं आणि पुढचा शब्द सुचत नाही. त्याबद्दलही मी देवाचे आभारच मानते.

काल सुमनचा फोन आला. गावात प्रभुभोजनाच्या पिठाची फेरी झाली होती. नाना दिवसभर घर उघडं ठेवून ओसरीवर बसून होते म्हणे. अक्काचे गुडघे दुखत होते, म्हणून या वेळी पाटी घेऊन संजय आला. नानांनी मूठ भरून पीठ घातलं आणि संजयने ते बोटांनी हळूच एकत्र केलं.