धवलारणीची सही

टेमघरच्या धोंडूबाईकडे कुरियरवाला आला की आधी त्याचीच उलटतपासणी व्हायची. कुठून आलास, कुणी धाडलं, सही कशाला पाहिजे? बिचारा पार्सल शेजारच्या पार्वतीकडे टाकून सटकायचा. कागद आणि पेन एकत्र दिसले की बाईचे हात पदराआड जायचे. गाव हसायचं, पण कारण गावालाही ठाऊक होतं. बापाच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, सख्खा भाऊ केसरीनाथ कागद घेऊन आला होता. घरपट्टीवरचं बाबांचं नाव बदलायचंय, म्हणाला. रडून डोळे सुजलेले. तिने अंगठा दिला. पुढच्या वर्षी बापाच्या शेतावर गोदाम उभं राहिलं, तेव्हा तलाठ्याने सांगितलं की बाई, तुम्ही हक्क सोडलाय. तेव्हापासून भावाच्या घरचा चहासुद्धा ती आधी वास घेऊन मग प्यायची.

पण त्याच भावाची लेक उन्नती म्हणजे तिचा जीव की प्राण. आईमागे ही पोर आत्याच्याच मांडीवर वाढली. शाळेत गेल्यावर तिनेच आत्याला पाटीवर नाव गिरवायला लावलं. कुठल्या कागदावर आपलं नाव घातलंय एवढं तरी कळू दे, म्हणाली.

धोंडूबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन देवांना आणि पितरांना मांडवात बोलावणारी, हळदीपासून गाठ बांधेपर्यंत सगळं पार पाडणारी. हल्ली धवलारणीला हळदीपुरतं बोलावतात आणि लग्नाला भटजी आणतात. हळदीतही डीजेपुढे तिचं कोण ऐकतो म्हणा. उन्नती मात्र हटून बसली. लग्न गावदेवीच्या देवळात होईल आणि आत्याच लावील, भटजी नको. केसरीनाथने कपाळावर हात मारला, पण पोरीपुढे त्याचं काही चाललं नाही. धोंडूबाईने लग्न लावलं. गाता गाता तिचा घसा बसला, तरी एक धवळा गाळला नाही.

नवरा प्रितेश मस्कतला नोकरीला. उन्नतीला सोबत न्यायचं तर विवाहाचा दाखला हवा, दाखल्याला पालिकेत नोंदणी हवी, आणि नोंदणीच्या अर्जावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा, इतक्यांच्या सह्या हव्यात. प्रितेशची सुट्टी संपत आलेली. दाखला हुकला तर उन्नती मागे राहणार, मग पुढचं कधी कोण जाणे. म्हणून तिचा भाऊ मनोज अर्ज घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला.

धोंडूबाईच्या मनात पाल चुकचुकली. बाप तसा लेक. शेत गिळलं, आता ह्या दोन खोल्यांवर डोळा. कागद आज ठेवून जा, ती म्हणाली. मनोज म्हणाला, आत्या, वेळ नाही, पटकन सही कर. झालं, बाईचा संशय पक्का झाला. तेव्हाही अशीच घाई होती. उन्नतीला घेऊन ये, नाहीतर चालू लाग, असं सांगून तिने दार लोटलं.

उन्नती आली ती रडवेली होऊनच. आत्या, तुला माझ्यावरपण भरोसा न्हाय, म्हणाली. ते मात्र म्हातारीला लागलं. तुझ्यावर हाय गो बाय, कागदावर न्हाय, वाच. उन्नतीने सह्यांच्या रकान्यांपर्यंत अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. नावं, वयं, पत्ते, गावदेवीचं देऊळ. जमिनीचं कुठे नाव नव्हतं. धोंडूबाई मनातून ओशाळली. पोराला उगाच घालूनपाडून बोलले, असं तिला वाटलं. तिने पेन मागितलं आणि कागदावर बोट फिरवत आपलं नाव शोधलं. ते तळाशी सापडलं.

"हे कुणाचं ठिकाण?"

साक्षीदाराचं, तिसऱ्या.

"आणि लग्न लावणाऱ्याचं?"

उन्नतीचं बोट वर गेलं. तिथे ओळखीतल्या एका भटजीचं नाव होतं. मनोज दाराकडे बघत पुटपुटला, धवलारीण म्हटलं तर कचेरीवाले खुसपट काढतील, भटजी सही द्यायला तयार आहे, त्यात कुणाचं काय जातंय. त्याच्या मनात खरंच काळंबेरं नव्हतं. तेच जास्त वाईट.

"शेत गेलं तवा मना कळलं न्हवतं, मन्या," धोंडूबाई म्हणाली. "हे तर तुझ्या डोळ्यांदेखत मी गायलंय."

उन्नतीने अर्ज टराटरा फाडला. मनोज खाली मान घालून नवा आणायला गेला. तिसरी साक्षीदार म्हणून पार्वतीला घेतलं आणि सगळे पालिकेच्या कचेरीत गेले.

तिथला कारकून अर्ज वाचता वाचता थांबला. भटजी कुठेयत? मी सांगितलं नव्हतं का, अशा चेहऱ्याने मनोजने सगळ्यांकडे पाहिलं. कारकुनाने धोंडूबाईचं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं. लग्न कसं लावलं, कुणी कुणी बघितलं, तुमच्यात ही रीत आधीपासूनची का, फोटो दाखवा. मनोज धुमसत होता. धोंडूबाई मात्र खुलत गेली. एकेक उत्तर देताना ती कारकुनाकडे कौतुकाने बघत होती. अखेर तो म्हणाला, कायद्याला भटजीच पाहिजे असं नाही, तुमची रीत असली की पुरे. पण मावशी, मला खात्री करून घ्यावी लागते.

करायलाच पाहिजे, धोंडूबाईने मान डोलावली. असा एक माणूस बापाच्या तेराव्याला असता तर, असं तिच्या मनात येऊन गेलं.

त्याने शाईचं पॅड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि पेन घेतलं. शेजारी प्रितेश फोनवर विमानाचं तिकीट बघत होता. उन्नतीने आत्याचा दंड घट्ट धरला होता. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं.

"मावशी, परत वाचून दाखवू?" कारकुनाने विचारलं.

"नको रं," धोंडूबाई म्हणाली. "ह्या खेपेला काय सोडते ते मना ठाव हाय."

आणि तिने एकेक अक्षर गिरवत सही केली.