आरशावरच्या पाट्या

पन्नाशीला पोचले आणि माझ्या अंगात कोणीतरी गीझर बसवला. बटण मात्र माझ्या हातात दिलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता घामानं निथळायचे आणि पुढची पायरीच आठवायची नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, लसावि राहिला," तर मी भर वर्गात चक्क रडले. लसाविसाठी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेनोपॉज आहे, होतं असं. मला काही पटेना. माझं डोकंच फिरत चाललंय, अशी खात्री झाली. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. सोमवारी द्यायचा होता.

आदल्या शनिवारी मैत्रिणीनं मला शनिवार पेठेतल्या एका शिबिराला ओढून नेलं. तिथल्या ताई सलग दोन तास हसत होत्या, तेही विनाकारण. पुण्यात! त्या म्हणाल्या, स्वतःबद्दल छान छान वाक्यं लिहा आणि आरशावर चिकटवा.

बिबवेवाडीला घरी येऊन मी उत्साहानं बसले. 'मी शांत आहे,' असं लिहिलं. तिथंच थांबायचं ना! पण हात पुढे गेलाच: 'कृपया खात्री करून पाहू नये.' दुसऱ्या कागदावर, 'मी सुंदर आहे. मत विचारलेलं नाही.' जन्मच इथला, त्याला मी काय करू? जिन्याजिन्यातल्या पाट्या वाचतच अक्षरओळख झालेली. मग फ्रिजवरही एक लावली: 'पंखा पाचवरच राहील. थंडी वाजणाऱ्यांनी स्वेटर घालावा.'

रविवारी नवरा नाश्त्याला स्वेटर आणि कानटोपी घालून आला.

"अहो, हे अति होतंय," मी म्हटलं.

"सूचनेचं पालन करतोय."

मी पोट धरून हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. टोपी काढावी की ठेवावी, तेच त्या बिचाऱ्याला कळेना.

दुपारी मी आरशावर आणखी एक कागद लावला: 'मला वेड लागत आहे. चौकशी करू नये.' ही मात्र गंमत नव्हती. मी खरंच घाबरले होते.

संध्याकाळी तोंड धुवायला गेले, तर त्याच कागदावर, माझ्या ओळीखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. सासूबाईंचं थरथरतं अक्षर. त्या ऐंशीच्या आहेत. दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले सहा चहात साखर कमी पडल्याबद्दल.

'वेड नाही. मलाही हेच झालं होतं. कोणाला सांगता आलं नाही. शिवणाचा क्लास बंद केला, तो कायमचा. तू शाळा सोडू नकोस. बडीशेपेसाठी पर्स उघडली होती. रागावू नये.'

मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. "आई..." मी हाक मारली.

"अगं, उभी काय? बस. पंखा लाव पाचवर," त्या म्हणाल्या आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.

सोमवारी राजीनामा शाळेत नेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि चारी कडांना घट्ट डिंक लावून फळ्याशेजारी चिकटवला:

'बाई विसरल्यास पुढची पायरी सांगावी. रडल्यास थांबावे. तास बुडणार नाही.'