इराप्पाच्या बंटीनं माझी सीट पळवली

कुत्रं घरात आलं की सोफ्यावर केस साठतात. इराप्पाच्या घरात आलं, तर किस्सेही साठले! केस झाडता येतात, किस्से कुटं झाडायचे?

इराप्पा माझा चादरीच्या कारखान्यातला जोडीदार. जन्म दोघांचा सोलापूरच्या भवानी पेठेत गेला, आता दोघंही पोरांच्या मागं जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत. रोज सकाळी त्याच्या स्कूटीवर मागं बसून चहाला जायचं, हे ठरलेलं. पुण्याच्या लेकीनं आपला पांढरा, केसाळ बंटी त्याच्याकडं आणून सोडला, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या सीटवर बंटी!

"मी कुटं बसू बे?"

"तू रिक्षानं ये की शिद्या. त्याला रिक्षात भ्या वाटतं."

*

महिन्याभरात इराप्पाचे डोळे लाल, नाक गळतंय, शिंकांवर शिंका. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, कुत्र्याच्या अंगाचा कोंडा उडतोय. त्याची ॲलर्जी आहे तुम्हाला."

मी पेढेच वाटणार होतो!

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर इराप्पा बंटीच्या अंगाला दही-लिंबू चोळतोय. "कोंडा हाय म्हणाले की डॉक्टर!"

कोंड्यानं माझ्या डोक्याचं पार टक्कल झालं. या माणसानं कधी अर्धं लिंबू दिलं न्हाय!

*

डॉक्टरांनी बजावलं होतं, कुत्रं बेडरूममध्ये घ्यायचं नाही. इराप्पानं तंतोतंत पाळलं. बंटीला हॉलमध्ये काढलं, आणि आपली चादरही तिथंच अंथरली.

"बेडरूममध्ये कुत्रं हाय का? न्हाय की! मग?"

*

म्हटलं, आता आपणच औषध करावं. बागेत इराप्पाची पाठ वळल्यावर माझ्या डबीतली चिमूटभर तपकीर बंटीच्या पाठीवर भुरभुरली. इराप्पा एकदा जोरात शिंकला की उतरेल प्रेम!

शिंकला कोण? बंटी! इराप्पा त्याला घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरकडं. परत आला तो तोंड पाडून.

"शिद्या, बंटीला तपकिरीची ॲलर्जी हाय म्हणे. तू जरा त्या टोकाला बस बे."

*

शेवटी एका संध्याकाळी इराप्पाला श्वासच पुरेना. छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. त्याचा पोरगा लई भडकला. "अण्णा, बस झालं! कुत्रं कुर्डुवाडीला मामाकडं जाणार."

मी आतल्या आत नाचत होतो. तेवढ्यात इराप्पा खोकत खोकत विचारतो, "कुर्डुवाडीला सकाळची गाडी किती वाजता असती रे?"

माझा नाच तिथंच थांबला. हा आता उठून रोज कुर्डुवाडीला जाणार! सीट ऱ्हायली बाजूला, माणूसच हातचा जाणार!

"कशाला कुर्डुवाडी? ऱ्हाऊ दे माझ्याकडं," मी बोलून बसलो.

घरी बायको डोळे फाडून बघायला लागली. "कुत्रं आवडायला लागलं व्हय तुमास्नी?"

"कुटं आवडतंय!" मी म्हणालो, आणि बंटीला भाकरी कुस्करून घातली.

*

आता इराप्पा रोज संध्याकाळी येतो. तोंडाला मास्क. गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा पोराचा हुकूम. मी पायरीवर, बंटी माझ्या पायाशी. इराप्पाची नजर सगळी खालीच!

काल आला, गेटला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि मास्कातनं लई मायेनं म्हणाला, "जेवलास का रे बाळा?"

बंटीनं शेपूट हलवायच्या आत मी ओरडलो,

"व्हय, जेवलो की!"