कानावर पडेल ते हातावर

नव्वदच्या आसपास जळगावात खुणांच्या भाषेचा दुभाषी व्हायला ना वर्ग होता ना परीक्षा. मी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचे, आणि तिथे वर्गात हातवारे केले की मुलांनाच ओरडा बसायचा. मला ही भाषा शिकवली ती धुळ्याच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका बहिऱ्या भाऊंनी. दर रविवारी ते एसटीनं यायचे. त्यांचा नियम एकच: कानावर पडेल ते हातावर आलंच पाहिजे, कुकरची शिट्टीसुद्धा. आपण काही गाळायचं नाही. मला त्याची भारी चीड यायची, पण शिकायचं तर होतंच.

हातांना चैन म्हणून नव्हती. बसमध्ये, पंगतीत, देवासमोरसुद्धा बोटं चालूच. आई म्हणायची, "हात आवर बाई, लोक वेडी म्हणतील."

पहिलं काम आलं चोपड्याजवळच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याकडून. त्याची बहिरी मुलगी माझ्याच वर्गात शिकलेली. तिला बघायला पाहुणे येणार होते. "तिले इचारीसनच करसूत," तो म्हणाला. मुलीला विचारूनच लग्न ठरवणार, याचं मला बरं वाटलं.

विचारपूस नीट झाली. स्वयंपाक येतो, शिवण येतं, शेतातलं कामही येतं. मग चहा आला आणि पाहुणे मोकळे झाले. बहिऱ्या माणसादेखत सगळेच होतात तसे. मुलाची आत्या शेजारणीला म्हणाली, "बोलत नही ते बेसच शे. पहिली लई बोले, म्हणीसन धाडी दिन्ही."

पहिली? नवऱ्या मुलाची आधीची बायको, फार बोलते म्हणून धाडून दिलेली! गप्प बसावं असं फार वाटलं, पण हात केव्हाच सुरू झाले होते. मुलगी माझ्या बोटांकडे बघत होती. तिचा चेहरा पडला, तसा बाप माझ्यावर डाफरला, "हाई तिले कसाले सांगं?"

तेही मी तिला सांगितलं. कानावर पडलं होतं ना!

ती त्याच्याकडे वळली. तिचे हात संथ चालले, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

कपबश्या थांबल्या. बापानं आशेनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगून मी वेळ मारून नेईन असं त्याला वाटलं असावं. मी हात मांडीवर ठेवून बसले. शेवटी त्यानं लेकीकडे बघून मान हलवली. हो.

ते मला सांगावं लागलं नाही.