पिकअपला थंडी वाजते तेव्हा

श्रीवर्धनला बर्फ पडत नाही, हे मला माहीत होतं. तरीही गेल्या मार्गशीर्षात मी आमची पिकअप बर्फात चालवण्यासाठी जय्यत तयार केली.

त्याला कारण होतं. आमची पिकअप चोवीस वर्षांची, म्हणजे आमच्या लेकीएवढी, सईएवढी. सुपारी, नारळ, शेणखत आणि एकदा शेजाऱ्यांची म्हैस वाहून वाहून ती थकली होती. डावीकडचं दार फक्त बाहेरून उघडायचं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा कित्येक वर्षं एकाच जागी बसून होता. (रिटायर झाल्यापासून मीही तसाच बसून असतो, असं मंदा म्हणते. मंदा माझी बायको.) आणि जरा गारवा पडला की सकाळी ती सुरूच होत नसे.

उस्मानभाई मिस्त्रींनी बॉनेट उघडून एका मिनिटात निदान केलं. "मास्तर, हीटर प्लग गेलेत. चार नवे टाकू. झाला काम!"

चार प्लगांत काम होत असेल, तर माणसाने रिटायर व्हायचंच कशाला? मी घरी आलो आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. त्यात कॅनडातला एक दाढीवाला कमरेएवढ्या बर्फात उभा राहून जुन्या पिकअपला हिवाळ्यात कसं जपावं हे इतक्या कळकळीने सांगत होता, की मला त्याचीच काळजी वाटायला लागली. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावा, म्हणजे इंजिनाला गार वारा लागत नाही. मागच्या हौद्यात वाळूची पोती टाका, म्हणजे चाकं घसरत नाहीत. त्याचं निम्मं इंग्रजी मला कळलं नाही. जे कळलं ते सगळं मी केलं.

प्लग तेवढे राहिले.

सईचा साखरपुडा अलिबागला होता. ती पुण्याहून परस्पर तिकडे गेली होती. तिची साडी, जावयाची अंगठी, पन्नास शहाळी, पोफळीचे तुरे आणि माझी एक्याऐंशी वर्षांची बायोआत्या हे सगळं आम्ही नेणार होतो. मुहूर्त साडेअकराचा. सकाळी सात वाजता मी पिकअप गल्लीच्या उतारावर सोडली आणि गिअर टाकला. खर्र, खर्र, धडाड! सुरू!

"बघितलंस?" मी मंदाला म्हटलं. "तयारी म्हणतात ती ही!"

"ती उतारामुळे सुरू झाली," मंदा म्हणाली. ती साडी आणि अंगठीची पिशवी छातीशी धरून बसली होती.

बोर्ली मागे पडली तशी मध्ये बसलेली बायोआत्या चुळबुळायला लागली. "अरे, माझे पाय भाजतायत रे!"

"ऊब आहे ती, आत्या. मुद्दाम केलीय."

"ऊब? चुलीत बसल्यासारखं वाटतंय मेल्या!"

मी मनातल्या मनात दाढीवाल्याला नमस्कार केला. बाहेर माणसं कानटोप्या घालून फिरत होती आणि आम्ही आत घामाने निथळत होतो. यापेक्षा जास्त यश ते काय असतं?

दिघीच्या जेटीवर फेरीबोटीत आम्ही पहिले चढलो, म्हणजे उतरतानाही पहिले. आमच्या मागे पर्यटकांच्या सात-आठ गाड्या आणि पंधराएक मोटरसायकली. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि आमच्या बॉनेटमधून पांढरी वाफ निघायला लागली.

"अहो, हे काय?" मंदा म्हणाली.

"थंडीत आपल्या तोंडातून नाही का येत वाफ?" मी म्हणालो. हे वाक्य मी खरंच म्हणालो. साक्षीदार भरपूर आहेत.

आगरदांडा आलं. बोटीची फळी जेटीवर टेकली. मी चावी फिरवली. पिकअपने एकदा 'गुं' केलं आणि डोळे मिटले.

"ओ काका, गाडी काढा!" खलाशी ओरडला.

"काढतोय, काढतोय!"

मागून हॉर्न सुरू झाले. ओहोटी लागलेली, त्यामुळे फळीपासून वर जेटीपर्यंत चांगलाच चढ. पाच-सहा जण धक्का द्यायला आले. हय्या! हूं की चूं नाही. आणखी चार आले. हय्या! पिकअप वीतभर वर गेली, विचार करून हातभर खाली आली.

"काका, मागे भरलंय काय एवढं?" घामाघूम झालेल्या एका तरुणाने विचारलं.

"शहाळी आहेत. आणि तुरे."

"आणि या पोत्यांत?"

मी जरा खाकरलो. "वाळू."

धक्का देणारे हात थांबले. हॉर्नसुद्धा थांबले.

"अलिबागला," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "समुद्रकिनाऱ्यावर... वाळू नेताय?"

"चाकं घसरू नयेत म्हणून," मी म्हटलं. यावर बायोआत्याने गाडीतूनच कपाळावर हात मारल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. (तिला उतरून येऊन मारता आला नाही, कारण दार बाहेरूनच उघडतं आणि मंदाच्या बाजूला कुणी गेलं नव्हतं.)

शेवटी बोट चालवणाऱ्या तांडेलाने निकाल दिला. "हा म्हातारा न्हाय हलायचा. बोट फिरवतो, बाकीच्यांना मागल्या तोंडाने उतरवतो." म्हातारा म्हणजे पिकअप, असं मी धरून चाललो. त्याने बोट गर्रकन फिरवली, मागच्या गाड्या उलट्या उतरल्या, आगरदांड्याच्या गाड्या चढल्या आणि आम्ही साडी, अंगठी, आत्या आणि वाळूसकट परत दिघीला निघालो.

मुहूर्त दोन तासांवर आलेला. मंदाचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. मी बाहेरून दार उघडताच तिने मात्र पदर खोचला, बॉनेट उघडलं, आत वाकली आणि काळा पडलेला पुठ्ठा ओढून बाहेर काढला. तो आमच्या नव्या टेबलफॅनच्या खोक्याचा होता. त्यावर फॅनचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'घेऊ द्या मोकळा श्वास!'

खलाशाने ते मोठ्याने वाचलं. बोटीवर जो हशा पिकला तो बहुधा जंजिऱ्यापर्यंत गेला असेल.

हसल्यावर माणसं मऊ होतात. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी कॅन. मंदाने रेडिएटर निवू दिला, मग थोडं थोडं पाणी ओतलं. तोवर तिने कोयता काढला आणि बोटीवरच्या प्रत्येकाला शहाळं फोडून दिलं, तांडेलाला दोन. "मुलीचा साखरपुडा आहे हो आमच्या," ती सांगत होती. दिघीला आठ जणांनी वाळूची पोती उतरवली, तिथून पिकअप जेटीवर ढकलून सुरू केली आणि आम्ही तिसऱ्यांदा खाडी ओलांडली. या वेळी इंजिन बंद करायचं नाही, असा तांडेलाचाच हुकूम होता.

"काशीलासुद्धा एवढी नावेत बसले नव्हते," बायोआत्या म्हणाली. पण शहाळ्याची मलई खाऊन ती खूश होती.

अलिबागला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गुरुजींनी 'अभिजित मुहूर्त आहे, उत्तम आहे,' म्हणून सगळ्यांना शांत केलेलं. मंदाच्या हाताला ग्रीस, माझ्या सदऱ्यावर काजळी, शहाळं एकही शिल्लक नाही. सईने आम्हाला पाहिलं आणि रडायच्या ऐवजी हसत सुटली. साडी नेसून ती बाहेर आली, जावयाच्या बोटात अंगठी गेली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

जेवताना व्याह्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. फार सभ्य माणूस, एकदाही हसले नाहीत. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, शाळेत आपला विषय कोणता होता?"

मी घाईने तोंडात अख्खा लाडू कोंबला. पण बायोआत्या शेजारीच होती.

"भूगोल!" ती अभिमानाने म्हणाली. "कोकणचे हवामान सम व दमट असते, हे अख्ख्या तालुक्याने ह्याच्याच छडीखाली पाठ केलंय!"