चड्ढाजींचा कॉम्प्युटर आणि आमचं दिल्ली ऑफिस

दिल्लीत बातमीदारी करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते अंगावर येतात. माझ्या अंगावर आले ते बहुतेक पहाडगंजच्या चड्ढाजींच्या सायबर कॅफेत.

आमच्या दैनिकाचं दिल्ली ऑफिस म्हणजे मी आणि बीडचा फोटोग्राफर सलीम. नोएडात काचेच्या इमारती उठत होत्या, मुख्यालयात संपादकसाहेब उदारीकरणावर अग्रलेख झोडत होते, आणि आम्हाला साधा कॉम्प्युटर मिळत नव्हता! वर धमकी: "आणखी एक बातमी चुकली की दिल्ली ऑफिस बंद!"

*

चड्ढाजींच्या कॉम्प्युटरवरची विंडोज इतकी जुनी, की बटण दाबून आम्ही समोर छोले-भटुरे खाऊन यायचो. एकदा वैतागून मी कीबोर्डवर हात आपटला. चड्ढाजी कळवळले, "बाबूजी, बुज़ुर्ग है. प्यार से!"

*

एक सरकारी साइट उघडेना. 'तुमचा ब्राउझर जुना आहे', एवढंच उत्तर. मी भडकलो. चड्ढाजी माझ्याहून जास्त भडकले, "ग्राहक तो हमारे भी पुराने हैं. हमने कभी निकाला?"

*

सलीमने नोएडातल्या एका पुलाच्या उद्घाटनाचा फोटो पाठवला. मुख्यालयात त्याचा वरचा भागच उघडला: आभाळ आणि मंत्र्यांची पगडी.

साहेबांचा फोन, "मंत्री कुठायत?"

"येतायत साहेब," सलीम म्हणाला, "पगडी पुढे आलीये!"

*

मग माझी एक्सक्लुझिव्ह बातमीच गायब झाली. चड्ढाजींचा अँटिव्हायरस महिनाभरच फुकट होता. तो संपू नये म्हणून ते रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागे, कुठल्यातरी जुन्या सालात नेऊन ठेवायचे! मुख्यालयात मेल तारखेप्रमाणे लागायचे. माझी ताजी बातमी गेली थेट तळाला, वर्षांपूर्वीच्या मेलांखाली.

साहेबांना सांगायला गेलो. "कारणं नकोत!" म्हणत त्यांनी फोन आपटला. तेव्हापासून मेल पाठवला की मीच डेस्कला फोन करायचो, "तळाशी बघा रे!"

*

शेवटी साहेब स्वतः दिल्लीत अवतरले. तावातावाने कॅफेत शिरले, "तुम्हाला जमत नाही, मला कसं जमतं बघा!" त्याच कॉम्प्युटरवर बसून त्यांनी मुख्यालयाला आदेश टाइप केला: दिल्ली ऑफिस पुढच्या महिन्यापासून बंद. मोठ्याने वाचून दाखवला आणि 'सेंड' दाबलं.

मी तोंड उघडलं. सलीमने माझा पाय तुडवला.

"काही म्हणायचंय?" साहेबांनी गुरकावलं.

"नाही साहेब. कारणं नकोत."

साहेबांनी चड्ढाजींकडे पाहिलं, "पहुँच गया ना?"

"बिल्कुल, साब," चड्ढाजी नम्रपणे म्हणाले, "सबसे नीचे तक!"